जळगावहून थेट अमेरिका

"कागद सरकना, ताई!"

दर मंगळवारी साडेअकराच्या सुमारास माझ्या तिकीट बुकिंगच्या दुकानाचं दार ढकलून नाना आधी हे वाक्य, म्हणजे आपला विमानाचा अर्ज पुढे सरकल्याची बातमी, आत सोडायचे आणि मग स्वतः आत यायचे. आल्यावर उजव्या हाताचा पंजा काउंटरच्या काचेवर सपाट ठेवायचा, तो सरसर पुढे न्यायचा आणि कडेला पोचला की हळूच वर उचलायचा. हे विमान. जळगावहून उडालेलं, थेट अमेरिकेला निघालेलं. काचेवर त्यांच्या घामाचा एक लांबट पट्टा उमटायचा. तो मी त्यांच्यादेखत फडक्यानं पुसायचे. त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

तुमच्याही गावात असा एक असतो. त्याला नदीवर धरण हवं असतं, नाहीतर गावाला जिल्हा करायचा असतो. लोक त्याला चहा पाजतात आणि तो गेल्यावर हसतात. आमच्या नानांना जळगावहून अटलांटिक ओलांडायचा होता.

आमचं विमानतळ तुम्ही पाहिलं असेल तर पुढचं सांगायला नको. पाहिलं नसेल तर एवढंच सांगते, तिथे विमान उतरलं की आजूबाजूच्या शेतातली माणसं अजून मान वर करतात. मुंबईचं विमान सुरू होतं, मग बंद होतं, मग पुन्हा सुरू होतं आणि प्रत्येक वेळी फीत नवी असते. एका सभेत एका पुढाऱ्यानं "लवकरच आंतरराष्ट्रीय" असं ठोकून दिलं. टाळ्या वाजल्या. ते वाक्य समोरच्या शेकडो लोकांनी मंडपातच सोडून दिलं. नानांनी ते घरी नेलं.

नाना मूळचे धुळ्याकडचे. नोकरी बांधकाम खात्यात, लेखणीची. निवृत्तीनंतर जळगावात मेहरूणला लहानसं घर बांधून राहिले. देवावर त्यांची श्रद्धा बेताची, पण जावक क्रमांकावर गाढ. अर्जाला क्रमांक पडला म्हणजे अर्धं काम झालं, आणि टेबलावरून टेबलावर गेला म्हणजे उरलेलं अर्धं झालं, या हिशेबानं त्यांनी आयुष्य काढलं होतं. दिल्लीहून "आपले पत्र मिळाले" असं एक ओळीचं उत्तर आलं, तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन यायचे. मी म्हणायचे, "नाना, यात काहीच नाहीये." ते म्हणायचे, "ताई, नाही म्हनेल नही ना?"

त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत. मुंबईकरांना ठाऊक असलेल्या मोठ्या शहरात नाही, पार मधल्या भागातल्या जळगावाएवढ्या एका गावात. तिला तिथे मुलगी झाली, ती चार वर्षांची झाली, आणि नानांनी नि काकूंनी नातीला पाहिलं ते फक्त फोनवर. मुलीला येता येत नव्हतं. तिचे राहण्याचे कागद अडकलेले होते, बाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. म्हणजे जायचं ते या दोघांनीच. काकूंचा व्हिसा होता, नानांचा होता. नव्हतं ते फक्त विमान, कारण नानांची अट होती: जळगावला बसायचं आणि मुलीच्या गावात उतरायचं. मध्ये बदल नको.

मी त्यांना सरळ मार्ग किती वेळा काढून दिला! मुंबईपर्यंत गाडीनं जा, तिथून एक मोठं विमान, तिकडे पोचल्यावर एक छोटं. दोन बदल. आमच्याकडची नऊवारीतली माणसं करतात. दोनदा तर मी जागा धरून ठेवल्या, आणि दोन्ही वेळा नाना आदल्या दिवशी येऊन म्हणाले, "राहू द्या ताई. थेट येई ना आते." मला वाटलं, हा खान्देशी ताठा. जाईन तर माझ्या गावच्या धावपट्टीवरून, नाहीतर नातीला फोनवरच बघेन. अशा माणसांची मला मनस्वी चीड आहे. यांच्या अभिमानापायी घरातल्या बाईचं काय होतं, ते यांना दिसत नाही.

आणि अभिमानाला खतपाणी घालणारी वर्तमानपत्रं असतातच. कुठेतरी बातमी आली की परदेशात आता लहान गावांतून अटलांटिकपार विमानं सुटणार. नवीन जातीची विमानं निघालीत, अंगानं लहान, पण पल्ला लांब. त्यामुळे मोठ्या शहराची गर्दी नको, आडगावाहून उडा, आडगावी उतरा. नानांनी ते कात्रण कापून पाठीला पुठ्ठा लावून आणलं.

"वाचा ताई. तिकडे गावाएवढ्या विमानतळावरून समुद्र ओलांडतात. मग आपण काय पाप केलं?"

"नाना, ते आयर्लंडहून ओलांडतात. त्यांच्या दारातच समुद्र आहे. आपल्याला आधी अर्धा आशिया, मग अख्खा युरोप, आणि मग समुद्र."

नानांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अवघड काय शे? समुद्र. तो त्यांना जेवढा, तेवढाच आपल्याला. बाकी तर जमीन शे ताई. जमिनीवरून एसटी बी जाते."

हे वाक्य मी पुढे कित्येक गिऱ्हाइकांना ऐकवलं. हमखास हशा यायचा.

पुढच्या मंगळवारी ते पृथ्वीचा गोल घेऊन आले. खराखुरा, शाळेतला, टेकूवर फिरणारा. सोबत शिवणाचा दोरा. आयर्लंडहून अमेरिकेच्या काठापर्यंत दोरा ताणला, तेवढाच तोडला. मग त्या दोऱ्याचं एक टोक जळगावावर धरलं (गोलावर जळगाव नव्हतंच, त्यांनी पेनानं टिंब दिलं होतं) आणि दुसरं टोक पश्चिमेला नेलं. ते तुर्कस्तानात पोचलं.

"बरं," नाना म्हणाले, "इथं तेल भरू. मग आयर्लंडला भरू. आपण काही उतरायचं नाही. जागेवर बसून राहायचं. तेल भरलं की निघायचं."

दुकानात दोन माणसं बसली होती, ती तोंडावर हात घेऊन हसली. मी हात न घेताच हसले.

मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणारे असेच चार निवृत्त गोळा करून नानांनी समिती काढली. अटलांटिकपार थेट विमानसेवा कृती समिती, खान्देश विभाग. बाकीचे विभाग कुठे होते ते विचारू नका. समितीनं एका साहेबाला शाल-नारळ दिला. साहेबांनी मागणी रास्त असल्याचं सांगितलं. आमच्याकडे रास्त नसलेली मागणी अजून कोणी पाहिलेली नाही. समितीतल्या एकाला विमानापेक्षा शालीबरोबरच्या फोटोत रस होता, दुसऱ्याला फोटोनंतरच्या कचोरीत. उरलेले दोघं घरी सून बोलते म्हणून यायचे. विमान खरोखर हवं होतं ते एकट्या नानांना.

त्या साहेबांनीच त्यांना सुचवलं की प्रवासी दाखवा. झालं! नाना एसटीनं निघाले. धुळे, अमळनेर, भुसावळ, पार मुक्ताईनगरपर्यंत, ज्या ज्या घरातलं पोर अमेरिकेत आहे त्या त्या घरी जाऊन नाव आणि सही घेऊ लागले. वहीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "पहिल्या विमानाने जाऊ इच्छिणारे." सह्या भराभर मिळाल्या. केळीवाल्या आबांनी केल्या, कापसावाल्या आप्पांनी केल्या. पोरगं तिकडे असलेले म्हातारा-म्हातारी कशावरही सही करतात.

इथे एक गोष्ट नानांच्या लक्षात आली नाही आणि ती फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकते. आमच्याकडे कोणी अमेरिकेला जातोय असं कळलं, की त्याच्यासोबत आपल्या लेकराला काहीतरी पाठवायचंच असतं. तो कधी निघणार, कुठे उतरणार, हे विचारण्याआधी डबा भरलेला असतो. वहीवर सही घेणारा माणूस म्हणजे विमानाचा माणूस, असा लोकांनी सरळ अर्थ लावला आणि उन्हाळ्यात नानांच्या दारी डबे यायला लागले. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड, केळ्याचे वेफर्स. प्रत्येकावर चिठ्ठी: अमक्याचा मुलगा, तमकं गाव, अमेरिका. मुक्ताईनगरकडच्या एक अक्का तर भरिताची हिरवी वांगी घेऊन आल्या. नाना म्हणाले, "अक्का, विमान अजून नक्की नाही." अक्का म्हणाल्या, "असू द्या ना भाऊ. येईल तवा येईल. वांगे तं आत्ता आलेत ना!"

या गोंधळात मला त्यांचं घर पहिल्यांदा पाहायला मिळालं. नानांचा निरोप आला, "ताई, तुम्ही येऊन लोकांना समजावा. तुमचं दुकान शे, तुमचं ऐकतील." मी गेले, ते खरं सांगायचं तर गंमत बघायला. पुढच्या खोलीत पत्र्याच्या डब्यांची भिंत उभी होती. दोन बायका ओसरीवर आपापले डबे मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि परत न्यायला अजिबात तयार नव्हत्या. फाटकाची कडी तारेनं आवळून बांधलेली, ती सोडायलाच नानांना पाच मिनिटं लागली होती.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. सडपातळ, ताठ, चालणं असं की ओसरीची तीन पावलं त्यांना अपुरी पडत होती. माझा हात धरून म्हणाल्या, "तू कोननी पोर शे?" मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं. "हा, हा," म्हणाल्या. चहा आणायला आत गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. "तू कोननी पोर शे?" मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मनात म्हटलं, म्हातारपण. मी निघाले तशा त्या माझ्याबरोबर उठल्या. "चाल, मीबी येस." आणि पायात घालायला चप्पल शोधू लागल्या.

चप्पल कपाटावर होती. पार वर, ट्रंकेच्या मागे, त्यांचा हात पोचणार नाही अशी. मी ती पाहिली आणि नानांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काकूंना दंडाला धरून आत नेलं.

त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला काय काय सांगितलं ते लिहायला लाज वाटते. बायकोची चप्पल कपाटावर टाकतो हा माणूस! फाटकाला तार बांधतो! हा हिला अमेरिकेला कसला नेतोय, हा तर हिला गल्लीतसुद्धा जाऊ देत नाही. मग पुढच्या मंगळवारी "कागद सरकना" ऐकलं तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काकूंना विचारलंत का हो कधी, त्यांना थेट हवंय की बदलून चालेल?" नाना खाली बघत म्हणाले, "तिले मी सांगेल शे. एकदाव बसानं, एकदाव उतरानं." मला वाटलं, हुकूम सोडलाय नवरोबांनी.

डब्यांचं पुढे काय झालं ते सांगते. बिबडे, पापड टिकले. वांगी अर्थातच नासली. नानांनी कोणालाही "तुमचा डबा जाणार नाही" असं कळवलं नाही. पावसाळा लागला तसे ते दर रविवारी सगळे डबे उन्हाची तिरीप बघून ओसरीवर मांडायचे, बिबडे वाळवायचे, पुन्हा ज्याचे त्याच्या चिठ्ठीसकट भरायचे. समितीतले चौघं एव्हाना पांगले होते. त्यांना एक नवी समिती मिळाली होती, त्यात नाश्ता जास्त बरा होता.

काकू थंडीत गेल्या. ताप आला, छातीत कफ धरला, आठ दिवसांत संपलं. मुलीनं दहावा फोनवर पाहिला.

मी भेटायला दारावर गेले. पुरुष बाहेर सतरंजीवर बसले होते, बायका आत. निघताना नानांना नमस्कार केला तर ते उठून फाटकापर्यंत आले. फाटकाची तार सोडलेली होती, कडी नुसती लटकत होती. नाना तिच्याकडे बघत बोलायला लागले, मला उद्देशून की स्वतःशी कोण जाणे.

चार वर्षांपूर्वी ते दोघं खंडव्याला लग्नाला निघाले होते. भुसावळला गाडी बदलायची होती. नाना नळावर पाण्याची बाटली भरायला गेले, परत आले तर बाकावर पिशवी होती, काकू नव्हत्या. विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालेलं. काकू जिना चढून दुसऱ्या फलाटावर गेल्या होत्या आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत बसल्या होत्या. संध्याकाळी मलकापूरला सापडल्या, कुठल्याशा कुटुंबाबरोबर शेंगा खात. त्या लोकांना वाटलं, बाई आपल्याच डब्यातली.

"चार तास, ताई," नाना म्हणाले. "भुसावळ तर आपलं घर शे. बठ्ठा लोके मराठी बोलतात. तरी चार तास. तिकडच्या विमानतळावर मी तिला कोठे शोधू? मला इंग्रजीत रडतासुद्धा येत नाही. म्हणून म्हनत होतो, थेट पाहिजे."

"मुलीला सांगितलं नव्हतंत?"

"ती तिकडे एकटी शे. कागद टाकून पळत आली असती. काय सांगू तिला?" मग थांबून म्हणाले, "पोर म्हनायची, आईला चाकांची खुर्ची लावा. मी म्हनायचो, खुर्ची कशाला? पाय तर तिचे माझ्यापेक्षा चांगले शेत."

मी रिक्षात बसले. बावीस वर्षं मी हा धंदा करतेय. दिवसाला चार तिकिटांना ती खुर्ची मीच लावते. ती पायांसाठी नसते. निदान नुसती पायांसाठी नसते. खुर्चीमागे माणूस असतो, तो एका विमानातून उतरवतो आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन सोपवतो, मध्ये कुठे हात सोडत नाही. धडधाकट म्हाताऱ्यांना मी ती लावून देते, इंग्रजी येत नाही म्हणून, घाबरतात म्हणून. नानांना मी हे कधीही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून? छे! मीच कधी विचारलं नाही, की नाना, बदल का नको? मला उत्तर ठाऊक होतं ना. मला त्या गोलावरच्या दोऱ्याचं हसू आवरत नव्हतं. आणि तेल भरायला थांबलं तरी आपण उतरायचं नाही, हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं होतं. जळगावात नानांइतका मूर्ख दुसरा नाही, असं मी म्हणत असे. होता. काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला होता.

महिन्याभरानं नाना आले. मंगळवार नव्हता. दार ढकललं, खुर्चीवर बसले, हात मांडीवरच ठेवले.

"एक तिकीट काढा, ताई. मुंबईहून. कितीही बदल असू द्या."

मी संगणकासमोर बसले. दोन बदल निघाले. पासपोर्टवरचं नाव टाकलं, वय टाकलं. चौऱ्याहत्तर. पुढच्या रकान्याशी येऊन माझी बोटं थांबली. या माणसाला एकट्याला, इंग्रजीशिवाय, खुर्चीविना पाठवायचं म्हणजे तो पहिल्याच विमानतळावर हरवणार. आणि खुर्ची लावायची म्हणजे त्यांना सांगावं लागणार.

"नाना, तुम्हाला खुर्ची लावते."

"मला? मना पाय चांगला शेतस."

"पायांसाठी नाही. माणूस मिळतो सोबत. एका विमानातून उतरवून दुसऱ्यात बसवेपर्यंत तो बरोबर असतो."

बाहेर सिग्नल सुटला, रिक्षा गेल्या, पुन्हा सिग्नल लागला.

"पाय चांगले असले तरी देतात?"

"देतात."

"एखादं मानूस विसरतं... त्याला?"

"त्यालाही."

"सोडून जात नाही तो मानूस? पाणी प्यायलाबी?"

"नाही जात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर फायली वाचलेले डोळे होते ते, तारीख शोधणारे.

"हे आधीपासून होतं का, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "आता निघालंय."

"परिपत्रक आलं?"

"आलं ना."

"कधी?"

"याच महिन्यात, नाना. एक तारखेला."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग रुमाल काढून आधी चष्मा पुसला, मग डोळे. "एक तारखेला," म्हणाले. "म्हनजे तिच्या नंतरच." उठून उभे राहिले. दारापाशी गेल्यावर वळले. "बाहेर पाटी लावा, ताई. लोकांना ठाऊक नसतं. मी बठ्ठी गावं फिरेल शे, अशी पुष्कळ घरं शेत."

मी पाटी लावली. "विसरणाऱ्या, घाबरणाऱ्या वृद्धांसाठी विमानात सोबतीची नवीन सोय. आत चौकशी करा." नाना निघाले त्या दिवशी रिक्षा थांबवून ती त्यांनी वाचली.

आता त्यांना अमेरिकेला जाऊन वर्ष होत आलं. मुलीनं राहण्याची मुदत वाढवून घेतली, परत येऊ दिलेलं नाही. इकडे पाटी वाचून माणसं आत येतात, कोणी धुळ्याचं, कोणी भुसावळचं. एखादा जाणता विचारतो, "ही तर जुनी सोय आहे ना हो? माझ्या मावशीला दहा वर्षांपूर्वी मिळाली होती." मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगते, नाही, चुकताय तुम्ही, नवीनच आहे. मेहरूणहून नानांना कोणी ना कोणी रोज फोन करतं, आणि इथलं बोलणं तिकडे पोचायला वेळ लागत नाही.